योएल्वीचे दोन वडील

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

आजपासून ईस्टरपर्यंत मांस नाही, कॉफीत साखर नाही आणि कुणाबद्दल वाईट बोलणं नाही. पहिल्या दोन गोष्टींनी घरखर्चही आटोक्यात येतो. तिसरी आजच मोडली, आणि तीही चेचेमुळे.

कपाळाला राख लावून चर्चमधून आले तर हा दारात उभा. चेचे म्हणजे आमच्या योएल्वीला तीन वर्षं बेसबॉल शिकवणारा, ठेवून घेणारा, खाऊ घालणारा, आणि उद्या एखाद्या क्लबने पोराला उचललं की आपला वाटा कापून घेणारा. इकडे गल्लोगल्ली असा एकेक चेचे असतो. त्याच्या कपाळावर राख नव्हती, घाम होता.

"वहिनी, डॉन सालुस्तियोने पोराला पाहिलं!"

डॉन सालुस्तियो (डॉन म्हणजे इकडचं 'राव') उत्तरेतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, एका मोठ्या क्लबसाठी पोरं हेरत फिरतो. टोपी डोळ्यांवर ओढून तारेच्या जाळीमागे बसतो आणि कधी टाळी वाजवत नाही. त्याला जांभई आली नाही म्हणजे पोरगं चांगलं, असं सगळे धरून चालतात. काल योएल्वी त्याच्यापुढे धावला, मग तासभर जमिनीलगतचे चेंडू अडवले. जांभई आली नाही.

"मग घेणार का त्याला?"

"आधी घरी येणार. रविवारी. आईबापांना बघायला."

"आम्हाला कशाला? आम्ही काय खेळणार आहोत?"

"शिंगरू घेताना घोडा-घोडी बघतात ना, वहिनी? पोर अजून वाढतंय. किती वाढेल ते बापाच्या अंगावरून कळतं."

असं म्हणून त्याने माझ्या नवऱ्याकडे, एलिहिओकडे, डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. फार वेळ लागला नाही. एलिहिओ पाच फूट तीन इंच आहे. चेचेने असा सुस्कारा सोडला की मला त्याच्याबद्दल वाईट बोलावंच लागलं.

योएल्वीला सोळा वर्षं आठ महिने झालेत. सतरा पूर्ण झाली की या धंद्यात पोर शिळं होतं. माते अल्ताग्रासिया, तूच बघ.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चेचेला उपाय सापडला. उपायाचं नाव बाल्बिनो.

बाल्बिनो आमच्या चर्चची घंटा वाजवतो. सहा फूट चार इंच, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं, आणि पोट त्याच्याआधी पाव पाऊल पोचतं. लग्न झालेलं नाही. चेचेचं म्हणणं, रविवारी तासभर तो योएल्वीचा बाप म्हणून बसेल. क्लबवाल्यांना उंची लागते, तर उंची दाखवायची.

एलिहिओने चेचेचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि माझ्या घरात मी कोण?"

"तू पत्रे ठोकणारा. तसाही तू पत्रेच ठोकतोस. खोटं काहीच नाही."

"पोरासाठी ना?" एलिहिओने मला विचारलं. मी हो म्हटलं. तो बाहेर जाऊन उगाच शिडी पुसत बसला.

चेचे संध्याकाळी घरोघर जाऊन सांगून आला, कुणी विचारलं तर योएल्वीचा बाप बाल्बिनो. आमच्या गल्लीत पोराचं भलं होत असेल तर शेजारी चंद्रालाही चौकोनी म्हणतील. कोपऱ्यावरच्या एउफेमिया आजींनी तर छातीवर क्रूस काढून शब्द दिला म्हणे.

मी मातेसमोर मेणबत्ती लावून विचारलं. ती काही बोलली नाही. आमच्या घरी याचा अर्थ हरकत नाही असा होतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

तरी मन खात होतं, म्हणून फादर आन्सेल्मोंकडे पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडून ते म्हणाले, "तू तोंडाने म्हणणार आहेस का, की हा माझा नवरा?"

"नाही, फादर. चेचे म्हणेल. मी नुसती शेजारी बसेन."

"बसणं हे पाप नाही." मग आवाज खाली आणून, "शॉर्टस्टॉपलाच खेळतो ना अजून? दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मध्ये?"

"हो, फादर."

"चेंडू हातात पडताना आवाज होतो का?"

"नाही. पोळी टाकल्यासारखा पडतो."

जाळीमागून समाधानाचा हुंकार आला. मला प्रायश्चित्त म्हणून तीन प्रार्थना दिल्या. बाल्बिनो त्यांचाच घंटावाला, त्याला किती दिल्या ते विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

झालं एकदाचं. सगळं नीट लिहून ठेवते.

उपवासकाळातली घेवड्याची खीर केली होती, रताळं, नारळाचं दूध आणि वरून बिस्किटं घालून. मोठं पातेलं भरून, म्हणजे पाहुणा जाऊन गल्लीलाही वाटता आली असती. बाल्बिनो पाहुण्याच्या तासभर आधीच आला, मिस्सेचा, म्हणजे रविवारच्या उपासनेचा, कोट घालून. एलिहिओच्या खुर्चीत बसला. खुर्ची ओरडली. एलिहिओ हातोडी घेऊन छपरावर गेला.

डॉन सालुस्तियो बारीक, कोरडा माणूस. आल्याआल्या त्याने माझं मनगट बघायला मागितलं, मग चपलेचं माप, मग माझे वडील किती उंच होते. लग्नाच्या वेळी मला कुणी इतकं बघितलं नव्हतं. मग बाल्बिनोकडे वळला.

"सोळाव्या वर्षी तुमचं वजन किती होतं?"

"आठवत नाही, साहेब. पण तेव्हापासून दारातून तिरकाच जातो."

"आणि जेवण?"

"देव देतो तोवर खातो."

डॉन सालुस्तियोने वहीत लिहिलं. योएल्वीला बाल्बिनोच्या शेजारी उभं केलं. बिचाऱ्याची मान खाली. नारळाशेजारी शहाळं ठेवल्यासारखं दिसत होतं. बाल्बिनोला आता रंग चढला होता. म्हणाला, "मुलगा माझ्यावर गेलाय, पण डोळे मात्र माझ्या बायकोचे," आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

छपरावर हातोडी अशी कोसळली की खिरीवरचं एक बिस्किट बुडालं.

"फारच मेहनती माणूस दिसतो," डॉन सालुस्तियो वर बघत म्हणाला.

त्याने खीर दोनदा घेतली. बाल्बिनोने किती वेळा, ते लिहीत नाही, उपवासकाळ आहे. गल्लीला वाटायला काही उरलं नाही.

पत्र्याला जिथे भोक नव्हतं तिथे आता सात आहेत. एलिहिओइतका चांगला कारागीर असं कसं करतो कळत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

एलिहिओचं पोट बिघडलंय. जेवत नाही, बोलत नाही. पेरूच्या पानांचा काढा दिला. पिता पिता विचारतो, "चर्चमध्ये उंच माणूस बरा दिसतो, नाही?"

मी म्हटलं, "सोयीचा तर असतोच. बाल्बिनोला वरच्या मेणबत्त्या लावायला स्टूल लागत नाही."

त्याने काढा खाली ठेवला. उद्या जरा कडक करीन.

२८ फेब्रुवारी, शनिवार

एलिहिओने स्वतःसाठी बूट घेतले. सात वर्षांत पहिल्यांदा. टाच चांगली चार बोटं उंच. पत्र्यावर चढणाऱ्या माणसाला असले बूट कशाला? विचारलं तर म्हणे, स्वस्त मिळाले. स्वस्त नव्हते, मी दुकानात विचारून आले. अत्तरही लावतोय. काढा लागू पडत असावा.

३ मार्च, मंगळवार

नाही म्हणाला.

डॉन सालुस्तियो नाही म्हणाला. चेचे दारात उकिडवा बसला आणि लहान मुलासारखा सांगत राहिला. "वहिनी, तो म्हणतो, असे हात त्याने दहा वर्षांत पाहिले नाहीत. म्हणतो, पोरगं मांजरासारखं वाकतं. पण फटका हलका आहे. शॉर्टस्टॉपचा फटका हलका असला तरी चालतं, चपळाई असली की झालं. पण..."

"पण काय?"

"पण त्याने बाप बघितला."

मला कळेना.

"तो म्हणतो, हे पोरगं तीन वर्षांत कपाट होणार. कपाटाला वाकता येत नाही. शॉर्टस्टॉपवरून काढावं लागेल, आणि दुसऱ्या जागेवर हलक्या फटक्याचं कपाट कुणाला हवंय?"

मला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. योएल्वी खांबाला टेकून ऐकत होता. त्याने हातमोजा खिळ्याला अडकवला आणि बाहेर गेला.

मी म्हटलं, "मग खरं सांगू या. बाप पाच तीन आहे म्हणावं, कधीच कपाट होणार नाही."

चेचे ताडकन उभा राहिला. "वेड लागलंय का, वहिनी? बाप खोटा निघाला तर तो म्हणेल, वयही खोटं असेल. मग नावही. मग माझ्याकडच्या सगळ्या पोरांचे दाखले उकरतील. एक शब्द बोलायचा नाही!"

जाताना दारातून हळूच म्हणाला, योएल्वीला ईस्टरपर्यंत ठेवतो. मग त्याची तिथली खाट चौदा वर्षांच्या एका पोराला द्यायचीय.

६ मार्च, शुक्रवार

योएल्वी चेचेकडे न जाता घरीच राहतो आणि बापाबरोबर पत्रे ठोकायला जातो. रोज सकाळी दाराच्या चौकटीला पाठ लावून उंची बघतो. महिन्यापूर्वी उंच व्हावं म्हणून चिंचेच्या फांदीला लोंबकळायचा. आता उंची थांबावी म्हणून काळी कॉफी पितो आणि पाण्याची बादली डोक्यावरून आणतो. आज पाहिलं तर रात्रीतून वाढू नये म्हणून खाटेच्या दांड्यांना डोकं आणि टाचा टेकवून झोपला होता.

मी ओरडले, "अरे, असं कुणी थांबतं का?"

म्हणाला, "मम्मी, बाबा कसे थांबले?"

एलिहिओ तिथेच बूट पुसत होता. हातातलं फडकं थांबलं. आजचं जेवणही सोडलं. उद्या दुसरा काढा.

८ मार्च, रविवार

फादर आन्सेल्मोंना विचारलं. ते म्हणाले, "बसणं पाप नाही असं मी म्हणालो होतो. पण बाळ, आता उठायची वेळ झाली." मग म्हणाले, "कपाट! त्या पोराला कपाट!" आणि जाळीवर मूठ आपटली.

११ मार्च, बुधवार

कुणाला न सांगता बसने सान पेद्रोला, डॉन सालुस्तियोच्या मैदानावर गेले. पुरावा म्हणून आमचा लग्नाचा फोटो रुमालात गुंडाळून नेला.

डॉन सालुस्तियो जाळीमागे बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाप कोण, बाल्बिनो कोण, छपरावर कोण होतं. त्याने मैदानावरची नजर हटवली नाही, पण हातातलं धाव मोजायचं घड्याळ बंद केलं. मग फोटो घेतला.

"बाई, यात तर हे तुमच्याएवढेच दिसतात. तुम्ही चांगल्या साडेपाच फूट आहात."

तेव्हा मला आठवलं. "ते विटेवर उभे आहेत, साहेब. वीट माझ्या झग्याआड आहे."

तो फोटोकडे बघत राहिला. "तुमच्या घरात पुरुषाची खरी उंची नक्की कुठे सापडते?"

मला शरमेने मान वर करवेना. तो म्हणाला, "बाई, राग मानू नका, पण मला विचारावं लागतं. मुलगा याच गृहस्थांचा, की त्या दुसऱ्या..."

"साहेब!" मी अशी ओरडले की मैदानावरचा एक चेंडू सुटला.

"बरं, बरं. रविवारी येतो. चेचेला सांगायचं नाही, कुणालाच सांगायचं नाही. यावेळी मी आधी गल्लीत चौकशी करणार."

घरी येऊन एलिहिओला सांगितलं. मला वाटलं, आनंद होईल. तो म्हणाला, "गेल्या महिन्यात मी बाप व्हायला तोकडा होतो. आता बरोब्बर मापाचा झालो? मी काही कापडाचा तागा नाही, क्रिसेल्दा."

पोट अजून बरं नाही वाटतं.

१५ मार्च, रविवार

झालं तसं लिहिते.

कुणालाच सांगायचं नाही म्हटल्यावर मी एलिहिओ सोडून कुणाला सांगितलं नाही. देवाला दिलेला शब्द पाळतो तसा हाही पाळला. इथेच चुकलं. डॉन सालुस्तियो कोपऱ्यापासून एकेका दारात विचारत आला, आणि माझी गल्ली, देव तिचं भलं करो, चेचेला दिलेल्या शब्दाला जागली. मी खिडकीतून सगळं ऐकत होते.

"योएल्वीचे वडील? बाल्बिनो! देवमाणूस."

"बाल्बिनोच, दुसरं कोण? बांधा बघा ना पोराचा."

आणि एउफेमिया आजी, ज्यांना सांगितलं होतं ते एवढंसंच, त्यांनी पदरचं घातलं, "लग्नात मी होते की! नवरदेव चर्चच्या दारात मावेना. दोन पाळ्यांत आत घेतला."

डॉन सालुस्तियो आत आला तेव्हा चेहरा दगडी होता. "बाई, अख्खी गल्ली एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या. मी कुणावर विश्वास ठेवू?"

तेवढ्यात मागच्या खोलीतून एलिहिओ आला. नवे बूट, केस वर विंचरलेले, अत्तराचा लोट. टाचांमुळे जवळजवळ माझ्याएवढा झाला होता.

"हे कोण?" डॉन सालुस्तियोने विचारलं.

"बाप," एलिहिओ म्हणाला.

आणि दारातून दुसरा आवाज आला. "आलो, साहेब! बाप आला!" बाल्बिनो. साहेब गल्लीत आपल्याला विचारतोय असं कुणीतरी त्याला सांगितलं, तर बिचारा घंटा अर्धी सोडून धावत आला होता. कोटाची बटणं एक सोडून एक लागलेली.

योएल्वी दोघांच्या मध्ये उभा. मी आयुष्यात एवढी प्रार्थना केली नाही.

डॉन सालुस्तियो खाली बसला. खूप थकल्यासारखा. "रक्त तपासायला लागेल. मुलाचं, आईचं आणि दोन्ही बापांचं. असं आम्ही कधीकधी करतो. सुई टोचली की..."

सुई हा शब्द ऐकला आणि बाल्बिनो पडला. एकदम नाही, आधी गुडघे, मग पोट, मग उरलेला. टेबल गेलं. त्याला शुद्धीवर आणायला एलिहिओचं अत्तर कामी आलं. डोळे उघडल्यावर पहिले शब्द, "साहेब, मी बाप नाही. मी कुणाचाच कुणी नाही."

"बरं," डॉन सालुस्तियो म्हणाला. "एक कमी झाला." मग एलिहिओकडे वळून, "बूट काढता का?"

एलिहिओ हलला नाही.

"एलिहिओ," मी म्हटलं, "काढ ना. कशाला घेतलेस ते तरी, एवढ्या महागाचे?"

"मेणबत्त्या लावायला," तो म्हणाला. "स्टूल लागू नये म्हणून."

मी एवढी शिकलेली बाई, शाळा पूर्ण केलेली. तीन आठवडे मी त्याला काढे देत होते.

परक्या माणसासमोर नवऱ्याशी काय बोलायचं याचा काही नियम असेल तर मला माहीत नाही. मी म्हटलं, "बाल्बिनो मेणबत्त्या लावतो. त्या कपाटाशी लग्न कोण करणार? विटेवर उभा राहून माझ्याशी लग्न करायला तूच आला होतास."

बाल्बिनो जमिनीवरून म्हणाला, "अगदी खरं, एलिहिओदादा."

एलिहिओने बूट काढले. अनवाणी योएल्वीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. डॉन सालुस्तियो गुडघ्यांवर बसला आणि दोघांचे घोटे, पोटऱ्या, पावलं बघत राहिला. बापाला म्हणाला, वाका. मुलाला म्हणाला, वाका. दोघं एकसारखे वाकले, टाच न उचलता, हात पुढे सैल सोडून.

तो उठला तेव्हा चेहरा तसाच कोरडा होता. पण टोपी त्याने डोळ्यांवरून वर केली होती. "रक्त तरी लागेलच. वरचं ऑफिस माझे डोळे मानत नाही. जन्माचा दाखलाही तपासणार, आणि बाप्तिस्म्याची नोंदही."

"घ्या," एलिहिओ म्हणाला. "हवं तेवढं रक्त घ्या. पण निकाल आला की या गल्लीत मोठ्याने वाचून दाखवायचा. सगळ्यांना ऐकू जाईल असा."

डॉन सालुस्तियोने जाताना माझ्या कानाशी विचारलं, "बाई, ते खिरीचं पातेलं आज दिसत नाही." मी म्हटलं, काळजीत राहून गेलं. तो म्हणाला, "मग निकालाच्या दिवशी."

२१ मार्च, शनिवार

चेचेला कळलं. आधी मला शिव्या दिल्या, मग कपाळाला हात लावला, मग आपल्या सगळ्या पोरांचे खरे दाखले शोधायला गेला. एक सापडत नाहीये म्हणे. मी काही विचारलं नाही.

एलिहिओ जेवतो.

५ एप्रिल, ईस्टरचा रविवार

निकाल काल आला. डॉन सालुस्तियो स्वतः घेऊन आला, आणि क्लबचा करारही. आकडा चेचेच्या स्वप्नातला नाही, माझ्या स्वप्नातला तर त्याहून नाही, कारण मी एवढं मोठं स्वप्न बघतच नाही. एलिहिओ म्हणतो आकडा लिहिला की दृष्ट लागते, म्हणून हिशेब ठेवणारी बाई असूनही लिहीत नाही. पावसाळ्याआधी योएल्वी अकादमीत जाईल. सही करताना त्याने पेन एकदाही उचललं नाही, मी तीनदा उचललं.

आज मिस्सेनंतर फादर आन्सेल्मोंनी सूचना वाचल्या. एक हरवलेली बकरी, दोन लग्नं, आणि मग घसा साफ करून, "सर्व भाविकांना कळवण्यात येतं की योएल्वी याचे वडील एलिहिओ हेच असल्याचं शास्त्राने सिद्ध झालं आहे. देवाची स्तुती असो. आणि तो शॉर्टस्टॉपलाच खेळेल." टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठी टाळी बाल्बिनोची.

बाहेर पायऱ्यांवर मी खीर वाटायला उभी होते. एउफेमिया आजींनी माझा हात घट्ट धरला, इकडेतिकडे बघितलं आणि कुजबुजल्या, "तू काळजी करू नकोस, पोरी. ते फादर काहीही म्हणू देत. मी शब्दाला पक्की आहे. कुणी विचारलं तर बाल्बिनोच म्हणेन."

एलिहिओ माझ्या मागेच उभा होता. साध्या चपलांत. मी पळी पातेल्यात सोडली. तो पुढे झाला, आजींच्या हातात खिरीची वाटी ठेवली आणि म्हणाला, "आजी, बाल्बिनो आजपासून येणार नाही. त्याच्या जागी मी आलोय. चालेल का?"

आजींनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. वेळ घेतला.

"उंचीला कमी आहेस," त्या म्हणाल्या. "पण राहा."